सावेकाठचा पेरुन आणि निमगावची धोंडी

युरोपखंडाच्या दक्षिण भागात एड्रियाटिक समुद्राच्या काठाने क्रोएशिया नावाचे एक लहानसे राष्ट्र पसरले आहे. त्याची राजधानी झाग्रेब, व त्या नगरातून वाहणाऱ्या नदीचे नाव सावा. आमच्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगास, निमगाव सावा नावाचे एक गाव आहे. ह्या दोन सावांचा परस्परांशी तिळमात्र संबंध नाही, हे आरंभीच सांगून टाकितो. तिकडची सावा स्लोव्हेनियाच्या पर्वतात उगम पावून बेलग्रेड येथे डॅन्यूबला मिळते. इकडे सावा म्हणजे वरईसारखे बारीक तृणधान्य, ज्यास संस्कृतात श्यामाक म्हणतात व ज्याच्या मुठी चारून कालिदासाच्या शकुंतलेने हरिणशावक वाढविले. गावाच्या नावातील सावा तोच की दुसरा, ह्याचा निर्णय आम्ही गावकऱ्यांवर सोपवितो. नुसत्या उच्चारसाम्यावर इमले बांधण्याचा छंद मागील पिढीतील काही पंडितांस होता. त्याचे जे हसे झाले ते वाचकांस ठाऊक आहेच.

मात्र उच्चाराचे साम्य निराळे आणि आचाराचे साम्य निराळे. निमगावास जाऊन आल्यापासून हे दुसरे साम्य आमच्या मनात घोळत आहे, व त्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

क्रोएट लोक स्लाव वंशाचे. सातव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत हळूहळू ते ख्रिस्ती झाले. त्यापूर्वी ते ज्या दैवतांस भजत त्यांची एकही पोथी, एकही स्तोत्र त्यांच्या भाषेत उरलेले नाही. मेघगर्जनेचा देव पेरुन, गुरांचा व पाताळाचा देव वेलेस, ही नावे विद्वानांस मिळाली ती मुख्यतः दूरच्या रशियन बखरीतून. त्या बखरीत असे लिहिले आहे की, कीव्हचा राजा व्लादिमीर ह्याने ९८० साली टेकडीवर पेरुनाची लाकडी मूर्ती उभारिली. तिचे मस्तक रुप्याचे व मिशा सोन्याच्या होत्या. पुढे आठच वर्षांनी त्याच राजाने बाप्तिस्मा घेतला व तीच मूर्ती घोड्याच्या शेपटीस बांधून, बारा माणसांकडून काठ्यांनी बडवीत, नीपर नदीत लोटून दिली. जो देव घोड्याच्या शेपटीस बांधला गेला, त्याचे स्तोत्र लिहून ठेवण्यास कोण धजणार?

तथापि गंमत अशी की, ह्याच पेरुनाने क्रोएट काव्यात पुन्हा प्रवेश केला. १९०० साली व्लादिमीर नाझोर नामक चोवीस वर्षांच्या तरुणाने 'स्लाव आख्याने' अशा अर्थाच्या नावाचा आपला पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध केला आणि त्यात ही विस्मृत दैवते मोठ्या दिमाखाने वावरू लागली. त्या काळी क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. परक्या सत्तेखाली असलेल्या राष्ट्राला आपले जुने देव एकाएकी आठवावेत, ह्यात आम्हां मराठी वाचकांस नवल वाटण्याजोगे काही नाही. नाझोर पेशाने शाळामास्तर, सृष्टिशास्त्र शिकविणारा. तेव्हा त्याच्याविषयी आम्हांस थोडा पक्षपात आहे, हे कबूल. सोळा वर्षांनी इव्हाना ब्र्लिच-माझुरानिच ह्या बाईंनी त्याच दैवतांस घेऊन मुलांकरिता गद्यात परीकथा लिहिल्या. त्यांचे नाव पुढे नोबेल पारितोषिकासाठीही सुचविले गेले.

परंतु एक उणेपण राहिलेच. नाझोरचे देव बहुतांशी ग्रंथांतून आलेले होते. त्यांच्या अंगास ओल्या मातीचा वास नव्हता. तो वास दुसरीकडेच टिकून होता, आणि तो ज्याने शोधून काढिला तो पुरुष, आश्चर्य म्हणजे, संस्कृतज्ञ निघाला.

रादोस्लाव कातिचिच हे त्याचे नाव. जन्म १९३०, मृत्यू २०१९. झाग्रेब येथे व १९७७ पासून व्हिएन्ना येथे हा अध्यापक होता. प्राचीन भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्याने आपल्या भाषेत १९७३ साली लिहिला. ऋग्वेद हाताळलेल्या ह्या माणसाने उत्तरवयात क्रोएट खेडुतांची गाणी पुढे घेतली. वसंतऋतूत संत जॉर्जच्या सणाला मुली घरोघर जी गाणी म्हणत, उन्हाळ्यात पाऊस लांबला म्हणजे जी गाणी म्हणत, ती त्याने बेलारूस व रशिया येथील तशाच गाण्यांशेजारी मांडिली. नाव ख्रिस्ती संताचे. पण जो हिरव्या पाल्यात गुंडाळलेला जॉर्ज पाण्यापलीकडून येतो व शेत हिरवे करितो, तो बायबलातील नव्हे. तो पेरुनाचा हरवलेला पुत्र होय, असे कातिचिचचे प्रतिपादन. त्याचप्रमाणे, आकाशात रथ हाकून गडगडाट करणारा संत इलिया हा पेरुनाच्याच जागी येऊन बसला, असे पुष्कळ विद्वान मानतात. कातिचिचची सगळी मांडणी सर्वांसच पटली आहे असे नाही. पण मुद्द्याची गोष्ट ही की, राजाने नदीत लोटलेला देव बायकांनी व पोरींनी गाण्यात लपवून हजार वर्षे जगविला. डोंगरांनीही त्यांस साह्य केले. इस्त्रियाच्या बाजूस उचका पर्वतावर एका शिखराचे नाव आजही पेरुन आहे, व त्याच्या खालील वस्तीच्या 'त्रेबिश्चा' ह्या नावात बळी देण्याचे स्थान असा अर्थ आहे.

हे सर्व वाचनात आले तेव्हा आमचे चित्त एकाच ठिकाणी अडखळले. पाऊस लांबला म्हणजे त्या देशात काय करीत? डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर मुलगे व स्लाव्होनियात मुली अंगभर हिरवा पाला बांधून घरोघर हिंडत, गाणे म्हणत, आणि घरधनीण बाहेर येऊन त्यांच्या अंगावर पाणी ओतीत असे. एका ठिकाणी ह्यास प्रपोरुशा म्हणत, दुसऱ्या ठिकाणी दोदोला. मराठी खेड्याशी ज्याचा थोडा तरी संबंध आला आहे, त्याच्या तोंडून लगेच शब्द निघेल: धोंडी!

निमगावास आम्ही गेलो ते ह्या धोंडीच्या शोधार्थ. तेथे आमचे एक स्नेही राहतात. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव, पुढे आळेफाटा, मग आळे व बेल्हे असा फेरा घेऊन आम्ही गेलो. सरळ वाटेने जाता आले असते. पण आळ्यास रेड्याची समाधी आहे व ती चुकविणे जिवावर आले. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविला, तो रेडा येथे विसावला अशी श्रद्धा आहे. समाधीवर फुले होती, अभंग चालू होते. तेथून निघून थोडे पुढे गेल्यावर शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला एक धोंडा दिसला. विचारले तर म्हसोबा. म्हसोबा म्हणजेही महिषच, देवीने मारिलेला. परंतु पुराणात मेलेला हा महिष शेतकऱ्याच्या बांधावर जिवंत आहे व राखण करितो. एकाच परिसरात एका रेड्याच्या तोंडी वेद आणि दुसऱ्याच्या तोंडास शेंदूर. पहिल्याविषयी संतांनी लिहिले, कीर्तनकारांनी सांगितले, चित्रपटही निघाले. दुसऱ्याविषयी मराठी काव्यात काय आहे? (वेलेस हाही गुरांचाच देव, आणि पेरुनाचा वैरी. पण येथे आम्ही आपला मोह आवरितो.)

गावात शिरण्यापूर्वी ह्या प्रश्नाचा थोडा निकाल लावू. मराठी काव्य ह्या लहान दैवतांशी कसे वागले? नाथांनी त्यांस जवळ केले. वाघ्या, भुत्या, गोंधळी, जोगवा मागणारी, अशा सर्वांचे सोंग एकनाथांनी आपल्या भारुडांत घेतले. पण ते परमार्थ सांगण्याकरिता. जोगवा मागावयाचा तो बोधाचा. तुकोबांनी जाखाई-जोखाई, मेसाबाई इत्यादींची नावे घेतली ती आपला पंढरीराणा त्यांच्यासारखा नव्हे हे बजावण्याकरिता. ह्या दोघांस आम्ही बोल लावीत नाही; त्यांचे प्रयोजन वेगळे होते. पण पुढे ज्यांचे प्रयोजन केवळ काव्य हेच होते, त्यांचे काय? नाझोरचा संग्रह निघाला तेव्हा केशवसुत हयात होते. आधुनिक मराठी कवितेची पहाट तीच. त्या पहाटेस आमच्या कवींनी इंग्रजी कवींकडे पाहिले, संस्कृत कवींकडे पाहिले; बालकवींनी फुले व निर्झर सजीव केले; परंतु गावकुसाबाहेरील आसरा, वेताळ, म्हसोबा ह्यांच्याकडे सहसा कोणी वळले नाही. खंडोबाचा जेजुरी गड आधुनिक काव्यात गाजला तो अरुण कोलटकरांमुळे, १९७६ साली, आणि तोही इंग्रजीतून. मराठी 'जेजुरी' मागाहून, कवीच्या पश्चात छापली गेली.

ह्याचे कारण आम्हांस असे वाटते की, क्रोएट कवीचे देव हरवले होते म्हणून त्याने ते शोधिले. आमचे हरवलेच नव्हते. बांधावर रोज दिसणारा धोंडा काव्यविषय कसा वाटावा? शिवाय सुशिक्षित वर्गाची एक समजूत होती की, हे सारे अडाण्यांचे. त्या समजुतीस त्याच वर्गातील घरांनी आतून मात्र कधी फारसा थारा दिला नाही. मूल जन्मले की सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी लिहिते, म्हणून पाटावर दौत-लेखणी कोणत्या घरी ठेविली गेली नाही? क्रोएशियातही अर्भकाचे भाग्य ठरविणाऱ्या तीन स्त्रिया रात्री येतात. त्यांस सुजेनित्से म्हणतात. शास्त्री असो, पाद्री असो, बाळंतिणीच्या खोलीत त्याचे फारसे चालत नाही.

असो. निमगाव. जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीचा, भातखाचरांचा; हा पूर्वेचा भाग सपाट, पर्जन्यछायेचा. पूर्वी बाजरी आणि आभाळ ह्या दोहोंवरच येथील संसार. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली, आणि तालुक्याचे रूप पालटले. आता ऊस आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे. उसात बिबटे वस्ती करून आहेत, इतके की माणिकडोह येथे त्यांच्याकरिता निवारा केंद्र चालविले जाते. संध्याकाळी आम्हांस उसाच्या कडेने फिरू दिले नाही ते त्यामुळेच.

आमच्या स्नेह्यांच्या वाड्यालगत एक वृद्ध बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे. ओटीवर जाते आहे, पण पालथे. त्याच्यावर तुळशीची कुंडी. "मावशी, धोंडी निघायची का तुमच्याकडे?" असे आम्ही विचारताच त्या पदर सावरून बसल्या व म्हणाल्या, "निघायची, गुरुजी. पाट आला अन् धोंडी गेली."

मग त्यांनी १९७२ सालच्या दुष्काळातील हकिकत सांगितली. आषाढ कोरडा गेला. पोरांनी कडुनिंबाचे डहाळे तोडिले. एका पोराच्या कमरेस, गळ्यास, डोक्यास पाला बांधिला, इतका की डोळे तेवढे दिसत. दोघांनी खांद्यावर मुसळ घेतले व त्याच्या मध्यभागी पाल्यात बांधलेला बेडूक टांगला. दारोदार गाणे झाले. ज्या घरी प्यावयास दोन हंडे नव्हते, तेथील बाईनेही तांब्याभर पाणी त्या पोराच्या मस्तकी घातले. पदरात पडलेले धान्य मारुतीच्या देवळापाशी शिजवून पोरांनी खाल्ले. पाऊस आला का, असे आम्ही विचारिले नाही. त्या वर्षीची अवस्था सर्वांस माहीत आहे. त्यांनी ते गाणे म्हणून दाखविले. शहरातील मुलांस जेवढे ठाऊक असते त्याहून ते पुष्कळ लांब आहे, व त्यात दोन शब्द असे आले की त्यांचा अर्थ त्यांसही सांगता येईना. त्यांच्या सासूने म्हटले म्हणून त्यांनी म्हटले.

कडुनिंबच का? आमचा तर्क सोपा आहे. ऐन उन्हाळ्यात, इतर झाडे होरपळलेली असता, माळरानी हिरवा राहतो तो हाच. आणि गावाच्या नावातच तो आहे. मूळचे निम्ब, त्याचा निंब, त्याचे निमगाव. महाराष्ट्रात निमगावे पुष्कळ, म्हणून एकेकास शेपूट जोडावे लागले. पाल्यात गुंडाळलेला पोर म्हणजे पाणी मागणारे झाडच. त्याच्यावर पाणी ओतणे म्हणजे आकाशाने काय करावे ते आकाशास करून दाखविणे.

आणि बेडूक? येथे आमच्यातील जुना संस्कृतचा शिक्षक जागा झाला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, पर्जन्यसूक्तांच्या लगोलग, एकशे तिसरे सूक्त मंडूकांचे आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणाप्रमाणे निजून राहिलेले बेडूक पर्जन्याने जागे होऊन बोलू लागतात. गुरूच्या मागोमाग शिष्याने पाठ म्हणावा तसा एक दुसऱ्याचा शब्द उचलतो. आणि शेवटी त्या बेडकांपाशी गाई व आयुष्य मागितले आहे. मॅक्स मुल्लर ह्यास ही ब्राह्मणांची थट्टा वाटली. यास्काने निरुक्तात दिलेली हकिकत आम्हांस अधिक पटते: वसिष्ठ पर्जन्येच्छेने स्तवन करीत होता, बेडकांनी त्यास अनुमोदन दिले, म्हणून संतुष्ट होऊन त्याने त्यांचीच स्तुती केली. वसिष्ठाचा बेडूक व निमगावच्या मुसळावरील बेडूक ह्यांच्यात किती शतके आहेत ती मोजण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. ते मंत्र म्हणणारे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बेडूक टांगणारे शाळकरी पोर गावोगाव होते, आणि त्यांस वेदाचा अधिकार कोणी दिलेला नव्हता.

पर्जन्य आणि पेरुन ही नावे एकाच मुळाची, असेही मत फार दिवसांपासून मांडिले जाते. लिथुआनियातील मेघदेव पेर्कूनास ह्यासही त्यांच्यात ओवितात. विद्वानांचे एकमत नाही. कोणी त्यात ओक वृक्षाचे नाव पाहतात, कोणी प्रहार करण्याचा अर्थ. आम्ही आरंभी दोन सावांविषयी जी सावधगिरी बाळगली तीच येथेही बाळगतो. नावे जुळोत वा न जुळोत; पाल्यातला पोर आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतणारी गृहिणी ही दोन्हीकडे आहेत, व दोन्हीकडे ती गाण्याच्या आधारे टिकली आहेत.

ह्याच तालुक्यात ह्याची उलट बाजूही दगडावर कोरलेली आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्रसूर्य, आणि यम-वरुण-कुबेर-वासव हे लोकपाल ह्यांस वंदन आहे. राजघराण्याचे हे देव. आज जुन्नर तालुक्यात पाऊस न आल्यास वरुणाचे देऊळ शोधीत कोणी निघत नाही. पण जुन्नरजवळच मानमोडीचा डोंगर आहे. तेथील बौद्ध लेण्यांतील प्राचीन लेखात मानमुकुड असे नाव येते. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी त्याचा संबंध मानमोडी ह्या ग्रामदेवीच्या नावाशी जोडिला आहे: भिक्षू येण्यापूर्वी देवी होती, भिक्षू असताना तिचे नाव राहिले, भिक्षू गेले तेव्हा ती पुन्हा पूजेस आली. शिवनेरी हे नावही शिवाईचेच. क्रोएशियातील पेरुन शिखराची बरोबरी करणारे डोंगर आमच्या घरच्या वाटेवर उभे आहेत.

आणि ह्या लहान देवांनी कवी पोसले नाहीत असेही नव्हे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा भरतात. त्यांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई नारायणगावकर ह्यांची कीर्ती ह्याच जत्रांनी वाढविली. वाचक भगिनींनी भुवया उंचावू नयेत; शाहिराच्या गणात आधी वंदन होते, आणि मुंजोबा-भैरोबाच्या नावे जमलेली वर्गणी नसती तर कित्येक लावण्या लिहिल्याच गेल्या नसत्या.

आता काळजीची गोष्ट. कातिचिचला आपले काम करिता आले, कारण त्याच्या आधी शंभर-दीडशे वर्षे कोणी ना कोणी ती गाणी उतरून ठेविली होती. आमच्याकडेही थोर माणसांनी हे कष्ट केले. साने गुरुजींनी ओव्या जमविल्या, सरोजिनी बाबर व दुर्गा भागवत ह्यांनी आयुष्य वेचिले, रा. चिं. ढेरे ह्यांनी ह्या दैवतांचा इतिहास लिहिला. गुंथर सोन्थायमर हा जर्मन पंडित धनगरांच्या मागे रानोमाळ हिंडून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत असे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 'पारी' ही संस्था २०१७ पासून त्या प्रसिद्ध करीत आहे. परंतु जात्याची ओवी बाई एकटी बसूनही आठवू शकते. धोंडीचे गाणे दुष्काळाचे, पोरांच्या घोळक्याचे. दुष्काळ नको म्हणून पाट आणिला, तो चांगलाच आणिला. उन्हाळी आवर्तन लांबले तर हल्ली पाटबंधारे खात्याकडे अर्ज जातो, तेही योग्यच. पण त्या घोळक्यात शेवटी जे पोर होते ते आज साठीच्या घरात आहेत, आणि पाणी ओतणाऱ्या बायका ऐंशीच्या पुढे. त्यांच्यामागे ते दोन न कळलेले शब्द सांगणारे कोणी उरणार नाही.

म्हणून वाचकांस, विशेषतः ज्यांचे आजोळ वा शेती खेड्यात आहे अशांस, आमची विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत गेलात म्हणजे घरातील व शेजारच्या वृद्ध बायकांपाशी बसावे. गाव, तालुका, गाणारीचे वय व तिने ते कोणापासून ऐकिले हे आधी टिपावे. गाणे थांबवू नये. दुसऱ्यांदा म्हणावयास सांगावे व दोन्ही पाठ ठेवावेत. शुद्धलेखन सुधारू नये, हे आम्ही उभा जन्म शुद्धलेखन तपासण्यात घालवून सांगत आहो. 'पानी' म्हटले तर 'पानी'च लिहावे. आणि जो शब्द कळणार नाही तो गाळू नये. जसा ऐकू आला तसा लिहून त्याच्याखाली रेघ ओढावी.